मनकर्णाबाईचा फोटो

चौकटीत

खिडकीतून येणारा तिरपा उजेड. खाली जुनं नऊवारी लुगडं, मुद्दाम चुरगळलेलं. त्यावर काळपटलेला पितळी तांब्या, एक डबा, एक पातेलं. पुढे कुंकवाचा करंडा, झाकण बाजूला. आतल्या मेणात एका बोटाचा खड्डा. मागे अंधार.

फोटो चांगला आला आहे. जयमालाला ते कळतं, आणि त्याचाच कंटाळा येतो.

चौकटीबाहेर

चिखलीत तिचा स्टुडिओ आहे. लग्नाची कामं सुटत गेली तशी ती हे करू लागली. लोक गेलेल्या माणसाच्या वस्तू पिशवीत घालून आणतात. ती त्या मांडते, आठवणीचा फोटो काढते, मोठा करून देते. चष्मा बहुतेक असतोच. तो जरा तिरपा ठेवायचा, एक काडी उघडी. लोक रडतात. तिला आता रडू येत नाही, कंबर दुखते.

आज वस्तू मायच्या. अमडापूरला, भावाच्या घरी.

मनकर्णाबाईला जाऊन वर्ष होत आलं. रविवारी वर्षश्राद्ध. पाटावर ठेवायला फोटो हवा, आणि फोटो नाही. पोरगी फोटोग्राफर, पण कॅमेरा दिसला की माय उठून जायची. आहे तो फक्त आधार कार्डावरचा.

"तो नाई ठेवायचा," बाबा म्हणाले. "पोलिसानं धरून आणल्यावानी दिसते त्यात."

मग जयमालानं शब्द दिला होता: माय नाही, तर मायच्या वस्तूंचा फोटो काढते. त्यात बाबांना माय दिसली पाहिजे. नाही दिसली, तर रविवारी पाट रिकामा.

तिनं कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे धरला. बाबांनी डोळे बारीक केले.

"हे काय दुकान मांडलं व?"

"मायचंच सामान हाये बाबा."

"सामान तिचं हाये. पण लुगड्यावर तांब्या कोण ठेवते? सिरियलमधल्या बाईचं घर वाटते."

चौकटीत

लुगडं घडी घालून मागे. तांब्या पाटावर. करंडा डावीकडे.

करंडा उजवीकडे.

करंडा हातात. कुठे ठेवावा.

चौकटीबाहेर

"नाई," बाबा म्हणाले. पुढच्यालाही नाई. त्याच्या पुढच्याला नुसते तंबाखू मळत राहिले.

जेवण झालं. जयमाला म्हणाली, जरा पाठ टेकते. भाऊ गोविंदा श्राद्धाचा किराणा आणायला गेला होता. स्वयंपाकघरात त्याची बायको, वंदना, एकटीच आवरत होती.

चौकटीत

पाट. लुगडं.

वस्तू नाहीत.

चौकटीबाहेर

"वंदना! सामान कुठं हाये व?"

"घासलं ना ताई." वंदना अंगणातून आली, कोपरापर्यंत ओली. "चिंच लावून चकचकीत केलं सारं."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? तुम्ही फोटो काढून राह्यल्या ना? पावणे पायतीन. काळेमिट्ट भांडे पाहून म्हणतीन, सासू गेली अन् सुनेनं घासणं सोडलं."

"आन् करंडा?"

"त्यात मेण लय घट्ट बसलं होतं. गरम पाण्यात टाकला, निघालं सारं. आता नवा दिसते."

जयमाला उंबऱ्यावर बसली. आधी मेण, मग त्यावर कुंकू. रोज एकच बोट, त्याच जागी. तो खड्डा आता मोरीतून वाहून गेला होता. ओरडायला हवं होतं. ओरडण्याआधी श्वास घ्यावा लागतो, तेवढाही घ्यावासा वाटेना.

"तिचं बोट होतं त्यात," ती म्हणाली.

वंदनाला आधी कळलं नाही. मग कळलं. तिनं ओले हात पदराला पुसले, पुन्हा पुसले.

"मले काय माहीत, ताई. तुम्ही बी तर नाई सांगतलं."

"नाई सांगतलं."

"आत्याबाई राहत्या तर त्यायनंच घासाले लावलं असतं. पावणा येणार म्हटलं की माह्या मागंच लागत. म्हणत, तांब्यात तोंड दिसते का तुह्यं? नाई दिसत? मग घास."

जयमालाला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच थकलं. खरं होतं. काळपट पितळ लोकांना आवडतं, तिच्या गिऱ्हाइकांना. मायला त्याची लाज वाटायची. सकाळपासून ती मायच्या वस्तू मायला न आवडणाऱ्या रंगात मांडत होती.

आतून बाबा काठी टेकत आले. बाजेकडे निघाले होते, अंगणात थबकले.

नळाजवळच्या फरशीवर भांडी पालथी घातलेली. तांब्या, डबा, पातेलं, करंडा, थोडं दूर त्याचं झाकण. खालून पाण्याचे ओघळ. बाजूला निळी प्लास्टिकची बादली, तिच्या काठावर घासणी.

"असंच टाकून जाये तुह्यी माय," बाबा म्हणाले. "वाळू दे म्हणे, आन् आत जाये."

त्यांनी काठीनं भांड्यांकडे दाखवलं.

"हे काढ."

"बाबा, सारं पालथं हाये. पाटावर पालथ्या भांड्याचा फोटो ठेवता काय?"

"तुले म्हटलं ना, काढ."

उजेड डोक्यावरून, पांढरा, सपाट. अशा उजेडात ती गिऱ्हाइकाची पिशवीसुद्धा उघडत नाही. ती बादली हलवायला वाकली.

"हात नको लावू!"

ती मागे सरली. बादलीसकट सारं

चौकटीत

फोटो घेतला. एकच.

बाबांनी कॅमेरा हातात घेतला, पडदा जवळ नेला, लांब धरला. मग "हाव, हेच" म्हणाले. कॅमेरा परत दिला आणि तिथेच, बाजेपर्यंत न जाता, पायरीवर बसले.

"झालं का ताई?" वंदना पातेल्यापाशी वाकली. "नेते मी हे. ह्यायचं जेवण राह्यलं, भात टाकायचा हाये."

"राहू दे व," बाबा म्हणाले. "वाळू दे जरा."