आधी चेंडू, मग मी

मित्रांनो, क्षणभर अशी कल्पना करा, की तुम्ही बोटभर लांबीचे आहात आणि कुणाच्या तरी दातांमध्ये अडकलेले आहात. समोर बास्केटबॉलचा अंतिम सामना. सहा सेकंद उरलेत, एका गुणाचा फरक आहे आणि सगळं सभागृह ओरडतंय!

मी एक जुनी शिट्टी आहे. पत्रा वाकवून, डाग देऊन सांधून मला घडवलं आणि पोटात बुचाची एक गोळी सोडली. माझ्या बाई पंच आहेत. त्यांनी दुकानात मला एकदाच वाजवून बघितलं, तर दुकानदार कानांवर हात ठेवून म्हणाला, "घेऊनच जा, बाई!"

सुरुवातीलाच आमची मोठी चूक झाली. आमच्या स्पर्धेत खेळ चालू असताना ज्या संघाच्या हातात चेंडू आहे, त्याच्याच प्रशिक्षकाला टाइमआउट, म्हणजे मिनिटभराची विश्रांती, मागता येते. एकदा पाठीमागून एका प्रशिक्षकाची "टाइमआउट!" अशी आरोळी आली आणि बाईंनी चेंडूकडे न बघताच मला फुंकलं. तेवढ्यात समोरच्या संघातल्या मुलीने चेंडू पळवला होता. ती एकटीच बास्केटकडे धावत होती, ती माझ्या आवाजाने थांबली. तिचा संघ एका गुणाने हरला. पुढे दोन महिने मी कपाटात मोज्यांखाली पडून होते. मित्रांनो, माझी एखादी बहीण तुमच्या हाती आली, तर तिला पुसून नीट ठेवा आणि फुंकण्याआधी बघा. आपल्या एका फुंकरीने कुणाचं तरी धावणं थांबतं.

तर तो अंतिम सामना! पिछाडीवरच्या संघातल्या सगळ्यात बुटक्या मुलीला सगळे मिरची म्हणत. तिचे बाबाच संघाचे प्रशिक्षक. सहा सेकंद उरले आणि चेंडू तिच्या हातून निसटला.

"टाइमआउट! मॅडम, टाइमआउट!" बाबा रेषेवर थयथयाट करू लागले.

बाईंचा श्वास माझ्यापाशी येऊन थांबला. चेंडू घरंगळत होता, तीन मुली त्याच्यामागे. पाच... चार...

"कानात बोळे घातलेत का?" बाबा ओरडले.

मिरचीने सूर मारला, पोटावर घसरली आणि चेंडू छातीशी कवटाळला. बाईंनी ते पाहिलं आणि फुंकलं! मी अशी वाजले, अशी वाजले, की पोटातली गोळी भिरभिरली.

घड्याळात दोन सेकंद होते.

"माझे चार सेकंद गेले! केव्हाचा ओरडतोय मी!"

"तुम्ही ओरडलात तेव्हा चेंडू कुणाच्याच हातात नव्हता, सर. तुमच्या मुलीच्या हातात आला आणि मी लगेच टाइमआउट दिला."

बाबा पुन्हा तोंड उघडणार, तोच मिरचीने त्यांचा शर्ट ओढला. "बाबा, भांडण नंतर करा! दोन सेकंदांत काय करायचं ते सांगा, मिनिट संपतंय!"

बाबांनी घाईघाईने तळहातावर बोटाने रेघा ओढून दाखवल्या. खेळ सुरू झाला. बाहेरून आलेला चेंडू मिरचीने झेलला, गर्रकन वळून फेकला. तो हवेत असतानाच वेळ संपल्याचा भोंगा वाजला, पण भोंग्याआधी हातातून सुटलेला चेंडू धरला जातो. चेंडू कड्यावर आपटला, कड्याभोवती फिरला... आणि जाळीत पडला!

एकच धिंगाणा झाला. बाबा तर सगळ्यांत उंच उड्या मारत होते. मिरची मात्र गर्दीतून निसटून आमच्याकडे आली. "मॅडम, ही जरा द्या ना."

बाईंनी मला रुमालाने पुसून तिच्या हातावर ठेवलं. तिने गाल फुगवले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून मला वाजवलं. सगळे जागच्या जागी थबकले, बाबासुद्धा.

"टाइमआउट!" मिरची ओरडली. "बाबा, आधी मॅडमना सॉरी म्हणा. मग नाचा!"