पिक्चरला जाणारा फिरकीचा तांब्या

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. पितळेचा. मला कुणी लोटा म्हटले की राग येतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो. लोट्याचे तोंड उघडे असते. मला आटे आहेत, आट्यांवर बसणारे झाकण आहे आणि झाकणाला हातात धरायला कडी आहे. झाकण फिरवून घट्ट बसवले की मला आडवा करा, उलटा करा, गाडीत हेलकावे द्या, थेंब सांडणार नाही. प्लास्टिकच्या बाटल्या आल्या नव्हत्या तेव्हा प्रवासाला निघालेल्या माणसाचे पाणी माझ्यासारख्यांच्या पोटात असे.

देगलूरच्या एका तांबटाने मला घडवले. माझी मालकीण शरणम्मा. तिच्या लग्नात तिच्या मामाने मला आहेरात दिले आणि माझ्या पोटावर तिचे नाव ठोकून घेतले. जागा पुरली नाही, म्हणून त्यातला शेवटचा ‘म्मा’ जरा खाली घसरला आहे. तिच्याबरोबर मी लातूरला आलो. तिथे तिच्या सासरचे किराणा दुकान होते.

शरणम्माचा एक नेम होता. सकाळी आंघोळ करून, लिंगायतांच्या रीतीप्रमाणे गळ्यातले इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय ती तोंडात पाणी घेत नसे. आणि घराबाहेर पडली की माझ्यातल्या पाण्याशिवाय दुसरे पाणी पीत नसे. मला भरायची ती, झाकण लावायची ती, उघडायचीही तीच. सून उमादेवीने हात लावलेला चालायचा, पण आवडायचा नाही. या नेमामुळे मी औशाचा किल्ला पाहिला, उदगीरचे पाहुणे पाहिले, सिद्धेश्वराच्या जत्रेतले पाळणे पाहिले. सगळे तारेच्या पिशवीतून पाहिले, पण पाहिले. घरातल्या घागरी-हंड्यांना हे भाग्य नव्हते, आणि ते मी त्यांना अधूनमधून ऐकवतही असे.

एकोणीसशे ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. गावात नवी कार्यालये आली, साहेब आले, कारकून आले. शरणम्माचा मुलगा मन्मथ अशाच एका कार्यालयात चिकटला आणि गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत त्याने घर बांधले. तिथे कोण कुठून आलेले, कुणालाच ठाऊक नसे. शरणम्मा मात्र नव्या शेजारणीला आधी विचारायची, “कुण्या गावचे तुमी? कुणाचे?” आणि उत्तर मनासारखे आले तरच तिच्या घरचा चहा घ्यायची. संध्याकाळी कॉलनीतली माणसे पोराबाळांना घेऊन नव्या कचेरीचे बांधकाम पाहायला जात. विटा, वाळू आणि खडी बघून परत येत. त्यालाच फिरायला जाणे म्हणत.

उमादेवीला मात्र विटा बघायच्या नव्हत्या. तिला पिक्चर बघायचा होता. तिचे माहेर उमरीचे. तिथे जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा आणि ती बापाच्या मांडीवर बसून तो बघायची. लग्न होऊन लातुरात आली, गावात दोन-तीन टॉकीज, पण तिला आतून एकही ठाऊक नव्हती. मन्मथ अव्वाला, म्हणजे आईला, विचारायला घाबरायचा. एकदा त्याने भीत भीत विचारले तेव्हा शरणम्मा म्हणाली, “तिथं अंधारात कोण कुणाला शिवून राहिलं, कोन सांगावं? बरं हाय का ते आपल्या घरच्या बाईला?” विषय संपला. उमादेवी रात्रीच्या भाकरी थापायला गेली. त्या दिवशी भाकरी जरा जास्तच जोरात थापल्या गेल्या, हे मी फळीवरून ऐकले.

पुढे दुष्काळ पडला. नळाला आठवडा-आठवडा पाणी येईना. टँकर आला की कॉलनीतल्या सगळ्या बायका घागरी घेऊन धावत. भांडी धुवायला पाणी उरत नसे, म्हणून ती गोवरीच्या राखेने कोरडीच घासायची आणि फडक्याने पुसायची, अशी रीत पडली. माझ्या अंगालाही तेव्हा पाणी लागत नसे, फक्त पोटात असे.

अशा त्या उन्हाळ्यात एका टॉकीजला देवाचा पिक्चर लागला. उमादेवीने ही संधी सोडली नाही. देवाचाच पिक्चर, मग शरणम्माला नाही म्हणता येईना. ती म्हणाली, “येते. पर मला कायी बी तरास झाला, तर ह्या घरात पुन्हा पिक्चरचं नाव काढायचं न्हाई.”

उमादेवीने मान हलवली. रविवारचा बेत ठरला. सगळे त्या एका दिवसावर येऊन टेकले होते आणि ते तिला पक्के ठाऊक होते.

रविवारी शरणम्माने पूजा आटोपून मला राखेने घासले, आटेही घासले, फडक्याने पुसले, पाणी गाळून भरले आणि रिक्षात हिसके बसतील म्हणून झाकण अंगातला सगळा जोर लावून फिरवले. आट्यांत राखेची खर, म्हणजे बारीक कणी, राहिली होती. ती कर्रकन वाजली. मला दुखले, पण भांड्याचे कोण ऐकतो?

दुपारचा खेळ होता. त्या टॉकीजमध्ये बायकांची बसायची जागा वेगळी, मध्ये भिंत. मन्मथ पुरुषांच्या बाजूला गेला. इकडे शरणम्मा, उमादेवी, तिच्या मांडीवर तिचा लहानगा सिद्धराम आणि पायाशी पिशवीत फुलपात्र आणि मी. वर पत्र्याचे छप्पर तापलेले. देव पडद्यावर यायला बराच वेळ लागला. तोवर नाचगाणीच चालली होती. शरणम्मा पदराने वारा घेत कुरकुरत होती. उमादेवी पडद्यावरून नजर हटवत नव्हती. तिच्या तोंडावर पडद्याचा उजेड पडत होता आणि ती फार आनंदात होती.

मग वीज गेली आणि पंखे थांबले. पडदाही काळा झाला. दारे उघडली तशी बाहेरची धग आत आली. दुपारी खाल्लेल्या धपाट्यांनी शरणम्माला आधीच तहान लागली होती. तिने मला मांडीवर घेतले आणि झाकण फिरवले. झाकण हलले नाही. पुन्हा फिरवले. पदर धरून फिरवले. उमादेवीने घेतले, गुडघ्यांत दाबून धरले, तिलाही जमेना. राखेची खर आट्यांत रुतून बसली होती. मी काय करणार?

“आत्याबाई, बाहेर हॉटेलात पाणी मिळंल. आणू का?”

“न्हाई. त्येला मी तोंड लावणार न्हाई.”

थोड्या वेळाने शरणम्माची मान मागे कलंडली. “डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली ग,” ती पुटपुटली. उमादेवी घाबरली. खरे सांगतो, तिला सासूची काळजी होतीच, पण टॉकीजमधला आपला पहिला आणि शेवटचा पिक्चर असा संपला, हेही तिच्या डोळ्यांत मला दिसत होते. ती एकदम रडू लागली.

पुढच्या बाकावरची एक बाई मागे वळली. अंगाने आडवी, कपाळावर मोठे गोंदण. तिचे नाव चांगुणाबाई, हे आम्हाला नंतर कळले. “आण इकडं,” ती म्हणाली. तिनेही झाकण फिरवून पाहिले. फिरेना. मग तिने मला दोन्ही हातांनी पोटाशी आवळले आणि म्हणाली, “मी धरते. तू फिरव. एकटीनं न्हाई हुयाचं हे.”

चांगुणाबाईने धरले, उमादेवीने डोळे मिटून कडी फिरवली. कर्र, कर्र, आणि झाकण सुटले. थोडे पाणी चांगुणाबाईच्या हातावर सांडले. तिने हात झटकन मागे घेतला. शरणम्माचा नेम तिला कुणी सांगितला नव्हता, पण असल्या नेमांची तिला सवय असावी.

“माजा हात लागला पाण्याला,” ती हळू म्हणाली. “चालंल का अव्वाला?”

उमादेवी फुलपात्र धरून तशीच थांबली. मीही थांबलो. इतकी वर्षे पोटात शरणम्माचे पाणी बाळगले, आता ते ती ओतून देते की काय, या विचाराने मला वाईट वाटत होते.

शरणम्माने डोळे उघडले. आयुष्यभर विचारलेला प्रश्न तिच्या ओठांवर आला असावा. कुण्या गावचे, कुणाचे? पण तिने विचारला नाही. “वत,” ती उमादेवीला म्हणाली. घटाघटा प्यायली. दम घेतला. मग फुलपात्र स्वतः भरून तिने चांगुणाबाईपुढे केले. “घ्या. तुमचा बी घसा वाळला असंल.”

चांगुणाबाईने फुलपात्र उंच धरले आणि ओठ न लावता वरून धार सोडली. धार हनुवटीवरून लुगड्यावर गेली.

“सांडू नका,” शरणम्मा म्हणाली. “टँकरचं पाणी हाय ते. तोंड लावून प्या.”

चांगुणाबाईने तिच्याकडे पाहिले आणि ती तोंड लावून पाणी प्यायली. मग वीज आली. देव पुन्हा पडद्यावर आले, पण मला त्यांच्यात तेवढी गोडी राहिली नव्हती.

खेळ सुटल्यावर मन्मथने विचारले, “अव्वा, कायी तरास झाला का?” शरणम्मा रिक्षात बसली, मला मांडीवर घेतले आणि म्हणाली, “कसला तरास? पुढच्या ऐतवारी काय लावलाय, ते बघून ठेव.”

त्यानंतरची वर्षे माझी सगळ्यांत चांगली. चांगुणाबाई आमच्याच कॉलनीच्या पलीकडच्या गल्लीत राहायची. पिक्चरला तिघी जात आणि मी चौथा. झाकण लागायचे ते चांगुणाबाईच्या हातानेही लागायचे.

शरणम्मा गेली. बाटल्या आल्या, फ्रिज आला. मला घासूनपुसून काचेच्या कपाटात ठेवले. पाहुणे माझे कौतुक करत, ‘अँटिक’ म्हणत. पण मित्रांनो, रिकाम्या पोटी कौतुक ऐकण्यात काही सुख नसते. झाकण तर कुणी वर्षानुवर्षे फिरवलेच नाही.

मग लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तो उन्हाळा आला. घरातले मिळेल ते भांडे भरून ठेवायचे होते. आता मोठ्या झालेल्या सिद्धरामने मला खाली काढले, झाकणाशी झटापट केली आणि म्हणाला, “आई, हे काय उघडत न्हाई. मोडीत घालू.”

उमादेवीने त्याच्या हातून मला काढून घेतले. तिने चांगुणाबाईला बोलावणे पाठवले. त्या काठी टेकत आल्या. दोघी म्हाताऱ्या ओसरीवर समोरासमोर बसल्या. एकीने धरले, दुसरीने फिरवले. बऱ्याच वेळाने मी उघडलो. उमादेवीने मला ओल्या फडक्याने पुसले, रेल्वेचे पाणी भरले आणि पहिले फुलपात्र चांगुणाबाईंना दिले. त्यांनी ते जुन्या सवयीने वर उचलले.

“तोंड लावून प्या,” उमादेवी म्हणाली. अगदी सासूच्या आवाजात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी कपाटात बसले असेल, तर त्याला बाहेर काढा. आटे पुसा, पोटात पाणी भरा, आणि तुमच्याबरोबर कुठेतरी घेऊन जा. झाकण अडकले तर एकट्याने झटू नका, कुणाला तरी धरायला बोलवा. कोण आहे, कुठला आहे, ते विचारू नका. आणि झाकण उघडले की पहिले पाणी त्याला द्या.