वरची गोळी

‘मापावर थांबू नोको बाई. वरून मूठभर टाकलं की देनाऱ्याचा हात रिता होत नाई.’

वलगावच्या बाजारात मायनं कधीकाळी सांगितलेलं मैनाबाईंनी चाळीस वर्षं पाळलं. वांगी तोलून झाली की वर एक वांगं, मेथीच्या जुडीवर चार काड्या सांबार, म्हणजे कोथिंबीर. आणि या सोमवारपासून नवऱ्याच्या साखरेच्या गोळीवर आणखी एक गोळी. सून सकाळची गोळी देऊन मळ्याकडे वळली, की दुसरी त्या द्यायच्या. माणूस लवकर उभा राहावा, एवढीच आस.

आज बुधवारी वामनराव पालकाच्या वाफ्याशी घामाघूम होऊन बसले, ते उठेचनात. सुनेनं गुळाचं पाणी पाजलं, उपकेंद्रातल्या प्रियदर्शनी सिस्टरला फोन केला. आता ते खाटेवर टेकून बोलत होते आणि सिस्टर गोळ्यांचं पाकीट उजेडात धरून मोजत होती.

“शनिवारी दहा देल्ल्या. त्याच दिवसापासून रोज एक, म्हंजे आजची धरून पाच उरायले पायजेत. ह्या त दोनच हायेत. पौर्णिमा, दोनदा देल्ली का तू?”

पौर्णिमेचे चिखलाचे हात होते तिथंच थांबले.

“एकच देतो ना मी, ताई. पन घाई रायते सकाळची... देल्ली बी असन.” तिचा आवाज खाली गेला. “आबाचा जीव गेला असता. मी आता औषधाले हात नाई लावत.”

“आबा, तुमाले काई आठवते?”

वामनरावांनी बायकोकडे पाहिलं. मग घाईघाईनं हसले.

“मले काय पुसता? मले मेथी देल्ली तरी सांबार म्हनून खाईन मी!”

सिस्टर हसली. पौर्णिमा हसली नाही. औषधाचा डबा तिनं उचलला आणि सिस्टरच्या पुढ्यात सरकवला.

भिंतीशी मैनाबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. दाणे केव्हाच सुपात पडले होते. बोटं मात्र रिकामं टरफल चोळत होती. चाळीस वर्षांत कुणी त्यांना ‘जास्त झालं’ म्हटलं नव्हतं.

त्या गुडघ्यावर हात रेटून उठल्या. डबा उचलून सुनेच्या हातात परत दिला आणि तिची चिखलाची बोटं त्यावर मिटवली.

“तुह्यापाशीच राहू दे वं पोरी,” त्या म्हणाल्या. “तू एकच देल्ली. दुसरी म्या देल्ली, तीनई दिवस.”