भागीरथाबाईंचं अर्धं वाक्य

कवठाळीच्या तलावाला पन्नास वर्षं झाली, त्या साली गावातल्या पोरांना घेऊन सिनेमा काढायची कल्पना तारा मॅडमची. त्या तिथल्या शाळेत इतिहास शिकवायच्या, बडनेऱ्याहून रोज बसने यायच्या. बहात्तरच्या दुष्काळात गावच्या साडेतीनशे माणसांनी टोपल्यांनी माती वाहून तो तलाव बांधला होता, आणि त्याबद्दल कुठे एक ओळही लिहिलेली नव्हती. अकोल्यात युवक मंडळांच्या लघुपटांची स्पर्धा जाहीर झाली, तशी त्यांनी कवठाळीच्या मंडळाच्या पोरांना गाठलं.

मंडळाचा अध्यक्ष पियुष. पंचविशीचा, बोलका, अंगावर काम घेणारा. त्याचे आजोबा पंजाबराव त्या तलावाच्या कामावर मुकादम होते आणि नंतर पंधरा वर्षं सरपंच. ते आता हयात नव्हते. सिनेमात त्यांचं काम पियुष स्वतः करणार होता. त्याने घरचा ट्रॅक्टर दिला, गावभर फिरून जुनी लुगडी-धोतरं जमवली, दीडशे बायामाणसं उन्हात उभी केली. म्हाताऱ्या माणसांना कॅमेऱ्यासमोर बोलतं करायचं काम चंदाकडे होतं. ती मूर्तिजापूरला बी.ए. करत होती, आणि तिच्यापुढे माणसं मोकळी होत.

भागीरथाबाईंकडे ती तारा मॅडमना सोबत घेऊन गेली. भागीरथाबाई सत्तरीच्या. आधी त्यांनी सुकडीचं सांगितलं, दुष्काळी कामावर खायला मिळायची ती कशी गोड लागायची आणि पोरांसाठी पदरात कशी लपवून आणायच्या.

“मुरूम खणाचा होता,” त्या म्हणाल्या. “पंजाबराव म्हणे, खालून पोखरा, वरचा आपोआप पडते, काम लवकर होते. माही नणंद सुंदरा खाली बसून पोखरत होती. पंधरा वर्साची होती. दरड आली तिच्यावर. आमी हातानं माती उपसली. पंजाबराव धावत आला अन् म्हणे, हे पोट्टी आज कामावर नोती असं सांगा. लहान पोट्टी कामावर घेतली हे सायबाले समजलं तं काम बंद पडन, साऱ्याइची सुकडी बंद होईन. इहिरीत पडली म्हून सांगा.”

“मंग तुमी काय सांगतलं, आजी?” चंदाने विचारलं.

“इहिरीत पडली म्हून सांगतलं. माह्या कडेवर लेकरू होतं.” त्यांनी कॅमेऱ्याकडे नाही, तारा मॅडमकडे पाहिलं. “सायबानं मलेच इचारलं होतं, बाई. तवापासून कोनाजवळ बोलली नाई. तुमी सिनेमात घेऊन राहिले, तं आता खरं घ्या.”

परतताना तारा मॅडमना वाटेत एकदा थांबावं लागलं. इतकी वर्षं शिकवलेल्या इतिहासात असं काही त्यांच्या हाताला लागलं नव्हतं. हे आपल्या सिनेमात आलंच पाहिजे, असं त्या चंदाला दोनदा म्हणाल्या.

शाळेच्या कॉम्प्युटरवर पियुषने ते सगळं पाहिलं. ते संपताच उठून गेला. दोन दिवस आला नाही, ट्रॅक्टरही आला नाही, बाया येऊन परत गेल्या. तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते.

“मॅडम, आजोबानं चूक केली असन,” तो म्हणाला. “पण काम चालू राह्यलं म्हून गाव जगलं, हेबी खरंच हाये न. सुंदराचं मरण आपण दाखवू. तिचं नाव घेऊ. फक्त आजीचं ते वाक्य अर्धं ठेवतो.”

“कोनतं?” चंदाने विचारलं.

“पंजाबराव धावत आला. बस, इथलोकच.”

पुढचं सगळं चित्रीकरण राहिलं होतं आणि स्पर्धेला अठरा दिवस होते. तारा मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. “सुंदराचं नाव येतंय ना?” त्या म्हणाल्या. “मग चालेल.”

“मॅडम, तिनं खरं घ्या म्हटलं होतं,” चंदा म्हणाली. “तुमीच म्हणत होत्या, हे आलंच पायजे.”

“चंदा, आत्ता नको.”

चंदाने कॅमेऱ्याची पिशवी टेबलावर ठेवली. त्यानंतर ती मंडळात आली नाही.

अकोल्याच्या हॉलमध्ये भागीरथाबाईंना पहिल्या रांगेत बसवलं होतं, पियुषच्या वडिलांच्या शेजारी. भागीरथाबाईंचा मुलगा याच घरची शेती बटाईने, अर्ध्या वाट्यावर करायचा. पडद्यावर दरड कोसळली. धोतर नेसलेला पियुष धावत आला, त्याने खड्ड्यात उडी टाकली, मातीने भरलेल्या पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि तो रडला. वरून भागीरथाबाईंचा आवाज आला: आमी हातानं माती उपसली. पंजाबराव धावत आला. आणि व्हायोलिन सुरू झालं. ती उडी तारा मॅडमनी आधीच पाहिली होती. थोडं जास्त झालंय, एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

सिनेमाला दुसरं बक्षीस मिळालं. भागीरथाबाईंना मंचावर नेऊन शाल घातली. सूत्रसंचालकाने माइक त्यांच्या तोंडासमोर धरला. “आजी, कसा वाटला सिनेमा? असंच घडलं होतं ना?”

भागीरथाबाईंनी समोर बसलेल्या पियुषच्या वडिलांकडे पाहिलं. टाळ्यांसाठी हात वर धरून ते वाट पाहत होते.

“असंच,” त्या म्हणाल्या.

गावाकडे जाताना मूर्तिजापूरला चहासाठी जीप थांबली. पोरं ट्रॉफीसोबत फोटो काढत होती. तारा मॅडम चहाचा कप घेऊन भागीरथाबाईंजवळ गेल्या.

“तवा मी पोटासाठी खोटं बोलली, बाई,” भागीरथाबाई म्हणाल्या. “आज काहून बोलाले लावलं?”

“सुंदराचं नाव तरी आलं, आजी. इतक्या लोकांनी ऐकलं.”

“आलं. पंजाबरावाच्या मांडीवर आलं.”

त्यांनी चहा घेतला नाही. शालीची घडी घालून ती सीटवर ठेवली आणि गाव येईपर्यंत त्या बाहेर पाहत राहिल्या.

पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीने तलावाच्या काठावर पंजाबरावांच्या नावाचा दगड बसवला आणि शाळेत सिनेमा दाखवला. पूर्ण रेकॉर्डिंग अजून शाळेच्या कॉम्प्युटरवर होतं. तारा मॅडमनी एकदोनदा ते उघडलं आणि बंद केलं. बदलीचा अर्ज त्यांनी आधीच दिला होता. आता उगाच वाद कशाला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. चंदा एकदा बसस्टँडवर दिसली. तिने नमस्कार केला, पण थांबली नाही.

पुढच्या आठवड्यात सहावीच्या वर्गात मुलांना त्यांनी घरच्या मोठ्या माणसांना तलावाविषयी विचारून यायला सांगितलं. भागीरथाबाईंची नात जुईली उत्साहाने उभी राहिली.

“मॅडम, माही आजी तथीच होती. मी तिले इचारलं, पंजाबराव आजोबानं खरंच उडी मारली होती काय?”

“मग?” तारा मॅडमनी विचारलं.

“हो म्हणाली. अन् म्हणाली, मॅडमले बी हेच सांगजो.”

तारा मॅडमनी तिला बसायला सांगितलं आणि तिच्या मागच्या मुलाला उभं केलं.