शनवार तेल्याने शिवलेला कोट

मी एक जुना काळा कोट आहे. मित्रांनो, आज माझ्या अस्तरात झुरळं नांदतात. पण एके काळी लालबागच्या चाळीत माझा थाट होता. शिंपी रहमीम पेझारकरने मला आपल्या जिवलग दोस्तासाठी, गिरणीतल्या कोंडीरामसाठी शिवलं. छाती होती त्याहून जरा रुंदच धरली, कारण आपला दोस्त ती फुगवणार हे शिंप्याला ठाऊक होतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाची तालीम चाळीच्या चौकात चाले. कोंडीराम पोरांचा म्होरक्या. त्याने शपथेची नवी तऱ्हा काढली. उजवा हात पुढे, ताठ, भाल्यासारखा! कुठल्याशा सिनेमाआधीच्या बातमीपटात त्याने ती पाहिली होती. कुणाची, ते विसरला. रुबाब तेवढा ध्यानात राहिला.

रहमीम दुकानातून धावत आला. दुसऱ्या महायुद्धात तो पलटणीचा शिंपी म्हणून इटलीत गेला होता. तिथे ओळख झालेल्या एका ज्यू शिंप्याचं सगळं घरदार असा हात उंचावणाऱ्यांनीच मारलं होतं.

"कोंडू, हात खाली घे! ज्यूंच्या जिवावर उठलेल्यांचा सलाम आहे हा. तूपण ज्यूद्वेष्टा झालास?"

"ज्यू? हंय खंय इलो ज्यू?" कोंडीराम हसला. "तू तर आमचो शनवार तेली!"

शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या रहमीमच्या वाडवडिलांना कोकणात हेच नाव होतं. शनवार तेली म्हणजेच ज्यू, हे कोंडीरामच्या गावीही नव्हतं.

"मीच ज्यू, कोंडू."

कोंडीरामचा हात खाली येऊ लागला. तेवढ्यात मागे कुणी पोर खिदळलं. पोरांदेखत माघार घ्यायची कशी? कोंडीरामने हात पुन्हा ताणला, थेट रहमीमच्या तोंडासमोर. बाही माझीच होती.

बोलणं तुटलं. पुढे महाराष्ट्र झाला, चाळभर पेढे वाटले गेले. रहमीमसाठी बांधलेला पुडा मात्र कोंडीरामच्या खिडकीतच सुकला.

त्याच वर्षी रहमीम बायकोसह इस्रायलला जायला निघाला. मला अंगावर चढवून कोंडीराम बंदरावर गेला, माफी मागायचीच म्हणून. पोचला तेव्हा बोट हलली होती. कठड्याशी उभ्या रहमीमने त्याला ओळखलं, हात हलवला आणि वाट पाहत राहिला. कोंडीरामने हात माझ्या खिशातच ठेवला. वर केला आणि त्याला पुन्हा तोच सलाम वाटला तर?

रहमीमने हळूहळू आपला हात खाली घेतला आणि पाठ फिरवली.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, डांबरगोळ्या ठेवा, मी अजून काही वर्षं टिकेन. माणसं अशी टिकत नाहीत. दोस्त म्हणाला, 'मला लागलं', तर मागे कुणीही हसत असो, हात तिथेच खाली घ्या. नंतर तो निरोपालासुद्धा वर जात नाही.