पूजेतला पाना

आमची ही, सरूबाई, म्हणते, तुमच्या नाकावर राग आणि जिभेवर मिरची, गिऱ्हाईक टिकतं कसं देव जाणे. गिऱ्हाईक टिकतं ते माझ्या हातामुळे. केबिन रोडवर माझं सायकलचं दुकान आहे, आणि लवूने बसवलेला पार्ट हलत नाही असं इथे सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो. गर्वाचं घर खाली हे शाळेत शिकलो होतो, पण शाळेतलं कोणाच्या लक्षात राहतं?

त्र्याण्णव सालची गोष्ट. आमच्या मागच्याच बिल्डिंगमध्ये शशिकांत राहायचे. गिरगाव सोडून इथे आलेले, फोर्टात ऑफिसात नोकरी. त्यांची मुलगी मिनल, अठरा वर्षांची, सायकल रेस खेळायची. शशिकांतांना ते पसंत नव्हतं, पण पोरीचा हट्ट. शेवटी बापलेकीत ठरलं की दसऱ्याच्या सकाळी वरसाव्याला जिल्ह्याच्या टीमची निवड आहे, त्यात पहिल्या तिघींत आली तर पुढे खेळायचं, नाहीतर सायकल बंद आणि घरात स्थळं बघायला सुरुवात. मिनलने हे मला स्वतः सांगितलं होतं. नंतर कोणी म्हणू नये की लवूला माहीत नव्हतं.

सायकल होती जुनी, फॉरेनची, ग्रँट रोडच्या एका पारशी म्हाताऱ्याकडून घेतलेली. तिची बीबी गेली होती. बीबी म्हणजे पायडलच्या दांड्या ज्या एक्सलवर फिरतात तो फ्रेमच्या पोटातला सांधा. शशिकांतांनी त्याच म्हाताऱ्याकडून नवीन एक्सल, कप, छर्रे आणि क्रँकची, म्हणजे त्या दांड्यांची, जोडी आणली. जुनं काढताना मी घाम गाळला, कारण उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो. अर्धे मेकॅनिक तिथेच आटे मोडतात आणि फ्रेमची वाट लावतात. मी नाही लावली. ग्रीस भरलं, छर्रे बसवले, कप असा आवळला की एक्सल बोटाने फिरवला तर फिरत राहील आणि हलवला तर हलणार नाही. दोन तास लागले. मिनल स्टुलावर बसून बघत होती आणि मला फुशारकी मारायला तेवढंच पाहिजे होतं.

क्रँक मात्र माझ्यासाठी नवीन होते. आपल्या सायकलला क्रँकमध्ये कॉटरची खिळी ठोकतात. ह्याला कॉटरच नव्हती. एक्सलचं टोक चौकोनी, क्रँकचं भोक चौकोनी, मधून एक बोल्ट, आणि तो आवळला की क्रँक एक्सलवर चढत जातो. बोल्ट क्रँकच्या आत खोल, म्हणून त्याला लांब तोंडाचा वेगळा पाना लागतो. म्हाताऱ्याने तोही दिला होता, आणि सोबत निरोप दिला होता की पंचवीस-तीस किलोमीटर चालवल्यावर बोल्ट परत एकदा आवळा, कारण क्रँक नवीन असताना आणखी आत बसतो. शशिकांतांनी निरोप सांगितला तर मलाच राग आला. तीस वर्षं सायकली करतोय आणि हा ग्रँट रोडचा म्हातारा मला शिकवतोय! खरं तर कॉटरलाही दुसऱ्या दिवशी एक ठोका द्यावाच लागतो. हे मला माहीत होतं. म्हणूनच जास्त राग आला असेल.

पाना मी माझ्याकडेच ठेवून घेतला.

खंडेनवमीला सकाळी मी सगळी हत्यारं, तो पानाही, धुतली, पाटावर मांडली, हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. आमच्या रत्नागिरीकडे रीत अशी की हत्यारं एकदा पूजेला बसली की दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. ती वर्षभर राबतात, एवढी तरी विश्रांती त्यांची. माझ्या बापाने कधी मोडलं नाही, मीही नाही.

संध्याकाळी मिनल आली. घोडबंदरपर्यंत जाऊन आली होती. म्हणाली, काका, डाव्या पायाखाली टक् टक् आवाज येतोय. मी म्हटलं, नवीन पार्ट आहे, बसेल. ती म्हणाली, त्या आजोबांनी आवळायला सांगितलंय ना? मी म्हटलं, परवा ये. ती म्हणाली रेस उद्या आहे. मग हळूच पाटाकडे बघितलं.

"काका, तुम्ही हातपण लावू नका. मला पाना द्या, मी आवळते."

माझं डोकंच फिरलं. देवापुढचं हत्यार उचलून पोरीच्या हातात देऊ? आणि वर माझ्या कामावर संशय? नाही नाही ते बोललो. लवूने बसवलेलं हलत नाही, म्हटलं, जा, घरी जाऊन झोप. ती गेली. आमची ही आतून ऐकत होती. म्हणाली, देवाला नमस्कार करून घेतला असता पाना, देव काय खातोय का तुम्हाला? मी तिलाही गप्प केलं.

दसऱ्याला सकाळी शशिकांत आणि मी वरसाव्याला उभे होतो. मुली गायमुखपर्यंत जाऊन परत येणार होत्या. पहिली आली, दुसरी आली, तिसरी आली. मग बाकीच्या आल्या. मिनल सगळ्यात शेवटी चालत आली, एका हाताने सायकल ढकलत, दुसऱ्या हातात डावा क्रँक, पायडलसकट. कोपर सोललेलं होतं. वळणापर्यंत ती दुसरी होती, असं मागून आलेल्या मुलीने सांगितलं.

शशिकांतांनी क्रँक माझ्या हातात दिला आणि विचारलं, हे कसं झालं? मी बघितलं. चौकोनी भोक झिजून गोल झालं होतं. सैल क्रँकवर जोर दिला की असंच होतं. आजूबाजूला माणसं जमली होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "कुठेतरी आपटली असेल तिने. पोरं सायकल हाणतात नुसती."

मिनलने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. शशिकांत तिला म्हणाले, तुला सांभाळता येत नाही ते येत नाहीच. संपलं. सायकल त्यांनी महिन्याभरात विकली. पुढच्या मे महिन्यात तिचं लग्न झालं. मला पत्रिका होती. मी गेलो नाही.

तो क्रँक मी दुकानात खिळ्याला अडकवून ठेवला. टाकवेना. तेव्हापासून दर खंडेनवमीला सगळी हत्यारं पूजेला बसतात, फक्त क्रँकचा तो पाना मी बाहेर गल्ल्याजवळ ठेवतो. कोणी विचारलं तर सांगत नाही का ते.

यंदा, नव्याण्णवच्या दिवाळीआधी, एक बाई लहान मुलीची तीनचाकी घेऊन आली. पुढचं चाक डगमगत होतं. मी बोल्ट आवळून दिले तेव्हा कुठे तिचा चेहरा नीट बघितला. मिनल. इथे जवळच इंद्रलोकला राहायला आली होती, शशिकांत दोन वर्षांपूर्वी वारले होते. ती माझ्याशी मोकळेपणाने बोलली. खिळ्यावरचा क्रँक बघून हसलीसुद्धा.

"अजून ठेवलाय? मीच वाट लावली त्याची. एका दगडावरून गेलं होतं चाक, तेव्हाच लागलं असणार. तुम्ही म्हणालात तेव्हा माझ्या लक्षात आलं."

सहा वर्षं ही पोर माझं खोटं खरं मानून बसली होती. मला वाटत होतं तिला माहीत आहे आणि ती मला शिव्या घालत असेल. ते सोसणं सोपं होतं.

मी सांगितलं सगळं. दगडाने काही झालं नव्हतं, बोल्ट सैल होता, तो आवाज त्याचाच होता, मला तिथेच कळलं होतं आणि मी चारचौघांत खोटं बोललो. तिचा बाप गेला तोही तेच मानून गेला.

मुलगी तिची ओढणी ओढत होती.

"किती वेळ लागला असता, काका?"

"एक मिनिट," मी म्हटलं.

तिने मान हलवली. मग मी नुकताच वापरून खाली ठेवलेला पाना उचलला, खाली बसली, आणि मी आत्ताच आवळलेले मुलीच्या सायकलचे बोल्ट एकेक करून परत आवळून बघितले.