अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे

क्रिसांतोची सगळी नोकरी पाण्यात गेली होती, पण समुद्राशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. दुमागेते शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात तो गळती दुरुस्तीच्या टोळीचा मुकादम होता. कुठे नळ फुटला, कुठे रस्त्याखालून पाणी उफाळलं, की तो आणि त्याची दोन माणसं पाने-पहारी घेऊन निघायची. बायको मारिवेल नर्स. चार वर्षांपूर्वी ती आयर्लंडच्या एका इस्पितळात नोकरीला गेली, तेव्हा मुलगी जिझेल दहा वर्षांची होती आणि क्रिसांतोला वेणी घालता येत नव्हती.

वेणी तो शिकला. डबा शिकला, गणवेशाच्या चुण्यांना इस्त्री करायला शिकला. पालकसभेला सगळ्या आयांच्या मधे हा एकटा बाप्या बसायचा, बुटांना खड्ड्यातला चिखल तसाच. बायका सरकून जागा द्यायच्या आणि मग आपापसात बोलायला लागायच्या.

खेळाचं वेड त्याला भीतीने लागलं. कार्यालयात तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला, कपाळाला आठी घातली आणि पुन्हा मोजला.

"घरी कोण असतं?"

"मी आणि मुलगी."

"मग स्वतःकडे बघा जरा. तिला एकटी पाडू नका."

बाई सहज बोलून गेल्या, पण ते वाक्य काही त्याच्या डोक्यातून जाईना. त्याच संध्याकाळी जिझेल नाचाच्या सरावाला आत गेली आणि हा बाहेर मैदानाला फेऱ्या मारायला लागला. तिसऱ्या फेरीत पोटात कळ आली, तरी पळला. मग एका ओळखीच्याने जुनी सायकल दिली. मग कोणीतरी म्हणालं, पळतोस, सायकल मारतोस, आता पोहायला लाग की झालं. दुमागेतेत ट्रायथलॉन म्हणजे काही नवलाई नव्हती; बँकेतला कारकूनही रविवारी वॅलेन्सियाचा चढ सायकलने चढायचा.

त्याचा सगळा सराव चोरीचा होता. कुकरमध्ये भात लावला की तो होईपर्यंत मागच्या अंगणात दोरीच्या उड्या. जिझेलला शाळेत सोडून कार्यालयात जाताना सरळ रस्ता सोडून आठ किलोमीटरचा वळसा. आणि पहाटे पाच वाजता समुद्र. जिझेलला घरी एकटीला ठेवायचं नाही म्हणून ती पण यायची, किनाऱ्याच्या कठड्यावर पाय सोडून बसायची, मांडीवर वही, हातात फोन. वेळ तीच मोजायची.

"पा, त्या तरंगत्या बोयापर्यंत जाऊन यायला एकवीस मिनिटं!"

"कालच्यापेक्षा कमी ना?"

"काल बावीस. कारबाव रेडा चिखलातून तुझ्यापेक्षा लवकर निघतो."

"रेड्याला पहाटे उठून तुझा डबा करावा लागत नाही, दाय."

तिथेच रोज सकाळी पाच-सात म्हाताऱ्या माणसांचं टोळकं पोहायला यायचं. नांग, म्हणजे मावशी, सालिंग त्यांची पुढारी. साठीची शिवणकाम करणारी बाई, अंगावर फुलाफुलांचा झगा, तशीच पाण्यात उतरायची. पोहून झालं की सगळी बाजारातल्या टपरीत जायची आणि केळीच्या पानात वाफवलेल्या चिकट भाताचा बुडबुड गरम चॉकलेटबरोबर खायची. क्रिसांतोला ती दोंग, म्हणजे पोरा, म्हणून रोज हाक मारायची, "दोंग, येतोस का?" आणि हा ओल्या केसांनी मुलीला सायकलवर बसवून पळत असायचा. "नंतर कधीतरी, नांग! शाळा आहे!"

मे महिन्यात मारिवेलचा फोन आला. नेहमीसारखा मायलेकींचा अर्धा तास चालला. शेवटी जिझेलने फोन त्याच्या हातात दिला, तो नेहमी शेवटीच त्याच्याकडे यायचा.

"सांतो, जिझेलचे कागद झाले," मारिवेल म्हणाली. "जुलैत पाठव. ऑगस्टला शाळा सुरू होते इथे."

"आणि माझे?"

"आधी तिचं होऊ दे. मग तुझं बघू."

'मग' म्हणजे कधी, हे त्याने विचारलं नाही. चार वर्षांत दोघांच्या बोलण्यातून एकेक गोष्ट अशी गळत गेली होती की आता फीचे, औषधाचे आणि पार्सलचे निरोप तेवढे उरले होते. ती वाईट नव्हती, हाही वाईट नव्हता. गळती कुठे आहे हे त्याला दिसत नव्हतं, एवढंच.

सिबुलानच्या विमानतळावर जिझेल रडली नाही. तिने त्याला बजावलं, "सप्टेंबरची शर्यत सोडायची नाही. नाव मी घातलंय. मी नाही म्हणून झोपून राहशील." आणि काचेच्या दारातून आत गेली. तिची वेणी त्यानेच घातली होती, जरा घट्टच.

आता वेळच वेळ होता. पहाटे कोणाचा डबा नाही, संध्याकाळी कोणाला आणायचं नाही. हवं तितकं पळावं, हवं तितकं पोहावं. आणि क्रिसांतोला अंथरुणातून उठवेना. साडेचारला डोळा आपोआप उघडायचा आणि तो छताकडे बघत पडून राहायचा. पंधरा मिनिटं चोरून पळण्यात जी मजा होती, ती दोन तास मोकळे मिळाल्यावर कुठे गेली ते कळेना. भात लावणं त्याने बंद केलं. एकट्यापुरता कोण लावतो? दोरी अंगणातल्या खिळ्यावर लटकत राहिली.

असे तीन आठवडे गेले. मग जिझेलने विचारलं, "सराव चाललाय ना?" आणि तो खोटं बोलला. खोटं बोलल्याची लाज वाटली आणि दुसऱ्या दिवसापासून तो वेड्यासारखा सुटला. पहाटे समुद्र, कार्यालय सुटल्यावर वॅलेन्सियाचा चढ, उतरून आला की पुन्हा चढ. घरी जायचं टाळायला रस्ता हे बरं निमित्त होतं. गाल बसले. टोळीतला बर्तो त्याला नोय, म्हणजे दादा, म्हणायचा. तो म्हणाला, "नोय सांतो, शर्यतीला चाललायस की तुरुंगातून पळालायस?"

नांग सालिंगने एकदा त्याला पाण्यातच गाठलं. "दोंग, पोरगी दिसत नाही कठड्यावर."

"आईकडे गेली. आयर्लंडला."

नांग हात हलवत जागच्या जागी तरंगत राहिली. "माझे दोघे रियाधला आहेत," ती म्हणाली. "चल, बुडबुड खायला चल."

"नाही नांग, अजून दोन फेऱ्या राहिल्यात."

"कोण मोजतंय?" तिने विचारलं. टोमणा नव्हता, साधा प्रश्न होता. त्याने पोहायचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पाण्यात तोंड घातलं.

शर्यतीच्या आदल्या दुपारी तो क्रमांक घ्यायला गेला. सगळे घोळक्याने आले होते, बायका, नवरे, पोरं. टेबलामागच्या मुलीने त्याचा अर्ज वाचला आणि एका ओळीवर पेन ठेवलं. अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे.

"सर, हा बाहेरदेशचा नंबर आहे."

"मुलीचा आहे. तिनेच भरलाय अर्ज."

"पण तिकडून कोण कसं येणार? इथलं कोणीतरी द्या ना. भाऊ? शेजारी?"

भाऊ मिंदानावला होता. शेजारी म्हणजे एक बहिरे आजोबा. बर्तोचा द्यावा तर तो सोमवारी सगळ्या कार्यालयात सांगत सुटेल, की आमच्या मुकादमाला जगात कोणी नाही. नांग सालिंगचा फोन त्याच्याकडे नव्हता. तिचं आडनावसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. चार वर्षं तो या शहरात नुसता धावत होता, आणि धावताना कोणाशी दोन शब्द बोलायला थांबला नव्हता.

"सर, मागे रांग आहे."

त्याला एकच नंबर तोंडपाठ होता. तोच त्याने लिहिला. गळती तक्रारीचा, दिवसरात्र चालू. पुढे 'नातं' असा रकाना होता. त्यात लिहिलं, कार्यालय.

रविवारी सकाळी सहाला शिट्टी वाजली. दीड किलोमीटर पोहायचं, चाळीस किलोमीटर सायकल, मग दहा किलोमीटर पळायचं. समुद्र त्या दिवशी सपाट होता. क्रिसांतो चांगला पोहला, स्वतःला वाटलं नव्हतं इतका चांगला. बाहेर येऊन सायकलवर बसला तेव्हा दोन्ही बाजूंनी लोक ओरडत होते, दुसऱ्यांची नावं. दक्षिणेच्या रस्त्याला लागल्यावर त्याचे पाय हलके झाले. बाकोंग गाव मागे पडलं. एकामागून एक सात जणांना त्याने टाकलं. कितीतरी आठवड्यांनी त्याला बरं वाटत होतं.

आणि एका वळणावर दावं तोडून आलेली शेळी रस्त्यात आली. शेळी निसटली, पण मागे फरफटणारी दोरी पुढच्या चाकात गेली. क्रिसांतो हँडलवरून उडाला आणि उजव्या खांद्यावर पडला. आत काहीतरी मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला.

पिवळा सदरा घातलेला स्वयंसेवक धावत आला. त्याने क्रिसांतोच्या क्रमांकाच्या कागदामागे लिहिलेला नंबर बघून फोन लावला. समोरून कार्यालयातली नेनिता बोलली, आणि आवाज मोठा असल्यामुळे रस्त्यात पडलेल्या क्रिसांतोलाही सगळं ऐकू आलं.

"पाणी तक्रार कक्ष. गळती कुठे आहे?"

"गळती नाही मॅडम, माणूस पडलाय."

"पाण्याच्या खड्ड्यात पडलाय?"

"नाही हो, सायकलवरून! क्रिसांतो काताडा म्हणून आहेत. नातं कार्यालय असं लिहिलंय. तुम्ही कोण त्यांच्या?"

मग नेनिता म्हणाली, "आम्ही येतो."

इस्पितळात खांद्याला पट्टी आणि हाताला झोळी बांधायचं काम चालू असताना दुरुस्तीची गाडी दारात येऊन थांबली. बर्तो आणि दुसरा गडी, दोघेही गमबुटांत, आत शिरले. नर्सने त्यांच्या बुटांकडे पाहिलं.

"नोय," बर्तो म्हणाला. "कॉलरबोन काय?"

"हो."

"आमचा नंबर द्यायचा ना. कार्यालयाचा कशाला?"

क्रिसांतोने झोळीची गाठ चाचपली. बर्तोनेही पुन्हा विचारलं नाही, आणि सोमवारी कार्यालयात तो कोणाला काही बोलला नाही, हे नंतर कळलं. त्याने कुठूनतरी भाताची पेज आणली, चमचा डाव्या हातात दिला. अर्धा तास दोघे स्टुलांवर बसून राहिले. मग फोन वाजला. ताक्लोबोत मोठा नळ फुटला होता. "जा," क्रिसांतो म्हणाला. "वरची झडप आधी बंद करा." ते दोघे गेले. खाटेखाली गमबुटांचे चिखलाचे ठसे तेवढे राहिले.

संध्याकाळी घरी पोचल्यावर त्याने फोन टेबलावर पेल्याला टेकवला, नुसता चेहरा दिसेल असा. जिझेल उड्या मारतच आली.

"पा! किती वेळ लागला? सांग सांग!"

"पूर्ण नाही झाली, दाय. शेळी आडवी आली."

ती पोट धरून हसली. मग सांगायला लागली, तिच्या शाळेतल्या तलावाला छप्पर आहे, पाणी कोमट असतं, दोन मैत्रिणी झाल्यात, एकीचं नाव उच्चारताच येत नाही. ती सुखात होती. त्याला बरं वाटलं. बोलता बोलता ती थांबली.

"पा, तुझा उजवा हात दिसत का नाही? बोलताना नेहमी हलवतोस."

त्याने डाव्या हाताने फोन जरा वर केला. तिने मान वळवून हाक मारली, "मा!"

मारिवेल कामाच्या कपड्यांतच पडद्यावर आली. "फोन मागे घे. खांदा दाखव. बोटं हलव. एकेक. मुंग्या येतात? झोळी एवढी खाली कोणी बांधली? कोपर वर घे अजून. हां. झोपताना पाठीवरच, खाली दोन उशा." पंधरा मिनिटं ती अशी बोलत होती, खाटेवरच्या कोणाही रोग्याशी बोलावं तशी, आणि क्रिसांतो ती सांगेल ते करत होता. किती दिवसांनी ती त्याच्याकडे इतका वेळ बघत होती. शेवटी तिने विचारलं, "आंघोळीला, कपडे घालायला कोण आहे तुला?"

"जमतं एका हाताने."

तिने घड्याळाकडे पाहिलं. तिच्या मागे जिझेल उभी होती. मग मारिवेल म्हणाली, "मला निघायला हवं, सांतो. उद्या याच वेळेला दाखव." दुसऱ्या दिवशी तिने फोन केला. चौथ्या दिवसापासून जिझेलच निरोप द्यायला लागली.

झोळी सुटायला ऑक्टोबर संपला. नोव्हेंबरात एके सकाळी तो समुद्रावर गेला. पोहायचं नव्हतंच, डॉक्टरांनी कमरेएवढ्या पाण्यात हात फिरवायला सांगितलं होतं. तो पाण्यात उभा राहून हात गोल फिरवत राहिला. लहान पोरासारखं वाटत होतं. म्हातारी माणसं त्याच्या बाजूने पोहत गेली आणि पोहत परत आली.

"दोंग, येतोस का?" नांग सालिंगने झगा पिळत विचारलं.

"उद्या येतो, नांग."

दुसऱ्या दिवशी तो खरंच गेला. बाजारातल्या बाकावर त्याला कडेची जागा मिळाली. कोणी त्याला शर्यतीचं विचारलं नाही, बायकोचं विचारलं नाही. नांग तिच्या गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या झग्याबद्दल चिडून सांगत होती, माप दिल्यावर बया दोन इंच सुटली म्हणून. क्रिसांतोने दोन बुडबुड खाल्ले, एकदा हसला, आणि निघताना तिचं आडनाव विचारून घेतलं. दिवसभर त्याने दोन गळत्या बुजवल्या. संध्याकाळी कुलूप उघडून आत गेला तेव्हा घर तसंच होतं. दिवा लावून तो बराच वेळ खुर्चीवर बसला. मग उठला आणि वाटीभर तांदूळ धुतले.